कौतुकाचं पान कसं वाचायचं?

‘ठसा आणि कागद’ : छापील चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे १८८०च्या दशकात लंडनला छापलेली एक कादंबरी आहे. शेवटी प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी जोडलेली आहे आणि त्यातलं अख्खं एक पान ‘द मॅगझिन ऑफ आर्ट’ या सचित्र मासिकाला दिलं आहे. मासिकाची माहिती दोनच ओळी. खाली निरनिराळ्या वर्तमानपत्रांनी केलेली स्तुती ओळीमागून ओळ. ही स्तुती खरी मानायची की पैसे देऊन लिहून घेतलेली? – एक वाचिका

ताई, उत्तराआधी एक विनंती. ते पान सैल झालं असेल तरी काढून टाकू नका. त्या काळी मासिकाचे बारा अंक वर्षाअखेरीस बांधून घ्यायची पद्धत होती. बांधणी करणारे वरचे पातळ रंगीत वेष्टन आणि जाहिरातींची पानं बहुधा काढून टाकत आणि फक्त मजकूर शिवत. लंडनमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या नॅशनल आर्ट लायब्ररीत मी आठ दिवस बसले होते. जे खंड समोर आले त्यांतली चित्रं स्वच्छ, अनुक्रमणिका जागच्या जागी; पण लोक त्या मासिकाबद्दल काय बोलत होते हे सांगणारं पान एकाही खंडात हाती लागलं नाही. ते सापडतं ते तुमच्याकडच्यासारख्या कादंबऱ्यांच्या शेपटाला.

आता तुमचा प्रश्न. माझं मत असं की ती स्तुती खरी आहे, पण निवडलेली आहे. वर्तमानपत्राचं नाव छापून त्याच्या तोंडी नसलेलं वाक्य घालणं मोठ्या प्रकाशकाला परवडलं नसतं. त्याची गरजही नव्हती. अंकाची एक प्रत वर्तमानपत्राच्या कचेरीत फुकट जायची. तिथे महिन्याच्या सगळ्या मासिकांचा एकत्र समाचार घेणारं सदर असायचं आणि त्यात प्रत्येक मासिकाच्या वाट्याला दोन-चार ओळी यायच्या. त्यातली गोड ओळ प्रकाशक उचलायचा. ‘लेख सामान्य, पण चित्रं देखणी’ असं कुणी लिहिलं, तर जाहिरातीत ‘चित्रं देखणी’ एवढंच यायचं. म्हणून अशा पानावरचं वाक्य जितकं तोकडं, तितकं मी ते सावधपणे वाचते. चार-पाच ओळींचा सलग उतारा असेल, तर लिहिणाऱ्यानं अंक खरोखर चाळला होता असं मानायला हरकत नाही.

पैसे किंवा हितसंबंध वापरून स्तुती करवून घेण्याचा रोग मात्र त्याआधी फार फोफावला होता. इंग्रजीत त्याला ‘पफ’ म्हणत, म्हणजे फुंकर. आपण हवा भरणं म्हणतो तेच. १८२०च्या दशकात हेन्री कोलबर्न हा प्रकाशक त्यासाठी बदनाम होता. ‘न्यू मंथली मॅगझिन’ त्याचंच, ‘लिटररी गॅझेट’मध्ये त्याची भागीदारी, आणि त्याच्या पुस्तकांची वाहवा व्हायची ती अशाच पानांत. १८३० साली ‘एडिंबरो रिव्ह्यू’त रॉबर्ट माँटगोमरी या कवीच्या काव्यावर लिहिताना मेकॉलेनं या फुंकरबाजीवर कडाडून हल्ला केला. (आपल्याला शिक्षणाच्या टिपणीमुळे ठाऊक असलेला तोच मेकॉले.) त्याच सुमारास ‘अथेनियम’ साप्ताहिक चार्ल्स वेंटवर्थ डिल्क यांच्या हाती आलं, आणि प्रकाशकांच्या दबावाखाली परीक्षण छापायचं नाही हे त्यांनी धोरणच केलं. तुमच्या कादंबरीच्या काळापर्यंत या लढाईला पन्नास वर्षं होऊन गेली होती. वाचक शहाणा झाला होता आणि एकाच पत्राची स्तुती त्याला पुरत नव्हती. म्हणून तर पानभर ओळी.

पानावरची नावं पुन्हा वाचा. ‘टाइम्स’ असेल, पण मँचेस्टर, एडिंबरो, लीड्स अशा गावांची पत्रंही असतील. इंग्लंडमध्ये वर्तमानपत्रावरचा मुद्रांक-कर १८५५ साली उठला आणि ‘मँचेस्टर गार्डियन’ व ‘स्कॉट्समन’ त्याच वर्षी दैनिक झाले. १८६१ साली कागदावरचा करही गेला. लंडनबाहेरची पत्रं वाढली, तशी प्रकाशकाला मत विचारायला तोंडंही वाढली. एखाद्या गिरणीच्या गावातल्या वाचकाला लंडनच्या क्लबातल्या माणसाचं मत नको होतं. त्याच्या घरी येणारं पत्र काय म्हणतं हे त्याला हवं होतं. शिवाय ही परीक्षणं बहुतेक निनावी असत. ‘अथेनियम’चे कलासमीक्षक एफ. जी. स्टीफन्स यांनी चाळीस वर्षं तिथे सही न करता लिहिलं. त्यामुळे उताऱ्याखाली माणसाचं नाव नसतं, फक्त पत्राचं असतं, आणि शब्दाला अख्ख्या पत्राचं वजन येतं.

आता खरी मौज. त्या ओळी कशाची स्तुती करतात ते पाहा. लेखांची क्वचित. सगळा भर दोन गोष्टींवर असतो : चित्रं किती, आणि किंमत किती कमी. मी वाचलेल्या अशा पानांवर स्वस्ताईचं कौतुक सौंदर्याच्या बरोबरीनं येतं. आजच्या वाचकाला ते जरा हलकं वाटतं. मला नाही वाटत.

त्या वेळी लंडनच्या चित्रविक्रेत्याकडे गाजलेल्या चित्राचं चांगलं एन्ग्रेव्हिंग, म्हणजे कोरलेल्या ठशावरून छापलेलं चित्र, घ्यायचं तर हिशेब गिनींमध्ये व्हायचा, आणि एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. ‘मॅगझिन ऑफ आर्ट’चा अंक एक शिलिंगाला. ते कॅसल, पेटर अँड गॅल्पिन या कंपनीनं मे १८७८ मध्ये सुरू केलं. कंपनीचा मूळ पुरुष जॉन कॅसल हा दारूबंदीचा प्रचारक, चहा-कॉफी विकणारा. कामगाराला घरबसल्या शिकता यावं म्हणून त्यानं १८५२ साली ‘पॉप्युलर एज्युकेटर’ काढलं होतं. तो १८६५ साली गेला, पण स्वस्तात चांगलं द्यायचं ही घराची रीत टिकली. ज्यानं आयुष्यात रॉयल अकॅडमीची पायरी चढली नव्हती, त्याच्या टेबलावर चित्र येत होतं. समीक्षकानं त्याला स्वस्ताईची शाबासकी दिली, ती योग्यच दिली.

हे जमलं कसं, तर लाकडामुळे. तांब्यावर किंवा पोलादावर कोरलेलं चित्र वेगळ्या दाबयंत्रावर, वेगळ्या कागदावर छापावं लागतं, कारण शाई खाचेत भरलेली असते. लाकडी ठशात उंच राहिलेला भाग छापतो, छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांसारखाच. म्हणून ठसा मजकुराच्या खिळ्यांशेजारी बसवून दोन्ही एकाच दाबात छापता येतात. लाकूड बॉक्सवुडचं, आडवं कापलेलं, हस्तिदंतासारखं घट्ट. या झाडाचं खोड बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी लहान लहान तुकडे मागून बोल्टनं जोडत. घाई असली की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटत आणि कोरून झाले की पुन्हा जोडत. मोठ्या चित्रावर भिंग फिरवलं तर कधी कधी केसाएवढी पांढरी सरळ रेघ दिसते. तो सांधा. पलीकडच्या आकाशाचा हात वेगळा, अलीकडच्या झाडांचा वेगळा.

मी स्वतः लाकडावर कोरलं आहे आणि तीस वर्षं कोरायला शिकवलं आहे. तळहाताएवढ्या ठशावर ढगाचा मऊपणा आणायला माझे तीन दिवस जात. चामड्याच्या वाळूच्या उशीवर ठसा ठेवायचा, डाव्या हातानं ठसा फिरवायचा, उजव्या हातातली हत्यारं जवळजवळ स्थिर. रात्री दिव्यासमोर पाण्यानं भरलेला काचेचा गोळा ठेवून उजेड एका जागी आणायची जुन्या कारागिरांची युक्तीही मी करून पाहिली. डोळे लवकर दुखतात, पण रेघ स्पष्ट दिसते. एक रेघ चुकली की ती परत येत नाही. म्हणून तुमच्या पानावर ‘अप्रतिम एन्ग्रेव्हिंग्ज’ असे शब्द असतील, तर ती शाबासकी प्रत्यक्षात कुणाची हे मला सांगावंसं वाटतं. ती मूळ चित्रकाराची नाही, संपादकाचीही नाही. रंगातलं चित्र काळ्यापांढऱ्या रेघांत उतरवणाऱ्या माणसाची आहे. विल्यम बिस्कोंब गार्डनर यांचं काम या मासिकात पाहिलं तर मी काय म्हणते ते कळेल. पण स्तुतीच्या उताऱ्यांत अशी नावं मला कधी भेटली नाहीत. तिथे ‘एन्ग्रेव्हिंग्ज’ हे अनेकवचन येतं आणि माणूस त्यात विरून जातो.

तुमच्या पानावर नमुन्याचं एखादं छोटं चित्र असेल तर खालचे दोन्ही कोपरे भिंगातून पाहा. नावाशेजारी ‘एस्‌सी’ अशी अक्षरं असली तर तो लॅटिन ‘स्कल्प्सिट’चा संक्षेप, म्हणजे ‘यानं कोरलं’. ‘डेल’ असेल तर ‘यानं रेखाटलं’. सापडलं तर मला जरूर कळवा.

प्रश्न : मी कलेचा विद्यार्थी आहे. अशा मासिकात आलेल्या स्तुतीनं कुणा कलाकाराचं आयुष्य खरंच बदललं का? – एक विद्यार्थी

बदललं, पण आपण ऐकतो तितकं सरळ नाही.

सगळे उदाहरण देतात ते ऑब्री बिअर्डस्ली या इंग्लिश रेखाटनकाराचं. एप्रिल १८९३ मध्ये ‘द स्टुडिओ’चा पहिला अंक निघाला. चार्ल्स होम यांनी काढलेलं हे मासिक. मुखपृष्ठ बिअर्डस्लीचं, आणि आत जोसेफ पेनेल यांचा त्याच्यावर लेख, ‘एक नवा चित्रकार’ अशा अर्थाच्या मथळ्याचा. मुलगा वीस वर्षांचा. काही महिने आधीपर्यंत विमा कंपनीत कारकुनी करत होता. लेखानं त्याचं नाव लंडनभर झालं हे खरं. पण त्याच्या हाती एका जाड सचित्र ग्रंथाचं मोठं काम त्याआधीच आलं होतं. म्हणजे स्तुतीनं त्याला पहिली भाकरी दिली नाही, ओळख दिली. आणखी एक गोष्ट तू लक्षात ठेव : मुखपृष्ठाच्या मूळ रेखाटनात झाडांमध्ये एक फॉन, म्हणजे अर्धा बोकड असलेला वनदेव, बसलेला होता. छापताना तो काढून टाकला गेला. आतल्या पानांत स्तुती आणि वर कात्री, एकाच अंकात.

पेनेल यांच्या लेखातली मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच बाब. बिअर्डस्ली जुन्या शतकांतून प्रेरणा घेतो, तरी आपली रेखाटनं यांत्रिक ब्लॉकनं छापू देतो, आपल्या काळाचं साधन वापरतो, याबद्दल त्यांनी त्याला दाद दिली. कोरणारा मध्ये न येता त्याची रेघ फोटोनं थेट जस्तावर उतरत होती. वाचताना मी थांबले. आधीच्या पिढीत कौतुक व्हायचं ते कोरणाऱ्याच्या हाताचं, निनावी का होईना. इथे तो हात मधून गेला, हीच कौतुकाची गोष्ट झाली. पेनेल यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बिअर्डस्लीची ती सपाट काळी जागा आणि तिच्या कडेनं धावणारी बारीक रेघ दुसऱ्याच्या हातातून जाऊन तशी राहिली असती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्याच दशकात शेकडो कसबी हातांचं काम सुटत गेलं. वर ज्यांचं नाव घेतलं ते गार्डनरसुद्धा पुढे जलरंगातल्या निसर्गचित्रांकडे वळले.

दुसरं उदाहरण फ्रेंच शिल्पकार रोदँचं, आणि ते मला जास्त आवडतं. विल्यम अर्नेस्ट हेन्ली १८८१ ते १८८६ ‘मॅगझिन ऑफ आर्ट’चा संपादक होता. हाडाच्या क्षयानं एक पाय गेलेला, आवाजानं खोली दणाणून सोडणारा कवी. इंग्लंडात रोदँला फारसं कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्यानं तो उचलून धरला. चित्रकार व्हिस्लरचीही बाजू घेतली. आणि मासिक जन्मलं त्याच १८७८ साली व्हिस्लरनं नामवंत कलासमीक्षक रस्किनवर अब्रूनुकसानीचा खटला जिंकून भरपाई म्हणून अवघी एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, मिळवली होती, हे आठवलं की ती बाजू घेणं किती धाडसाचं होतं ते कळतं. रोदँनं हेन्लीचा अर्धपुतळा घडवला. ब्राँझमधला तो पुतळा आज लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या तळघरात आहे. हेन्लीनं त्याच मासिकात मित्र रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनकडूनही लिहवून घेतलं. १८८४ सालचा मुलांच्या कागदी नाट्यगृहांवरचा, एका पेनीत कोरी आणि दोन पेनीत रंगीत मिळणाऱ्या चित्रपत्रांचा लेख तू शोधून वाच. छापील चित्रावर इतक्या मायेनं लिहिलेलं मी दुसरं फार थोडं वाचलं आहे.

प्रश्न : ‘आर्ट जर्नल’ आणि ‘आर्ट युनियन’ एकच का? दोन्ही नावं दिसतात. – एक वाचक

मासिक म्हणाल तर एकच. फेब्रुवारी १८३९ मध्ये हॉजसन अँड ग्रेव्हज या चित्रविक्रेत्यांनी ‘आर्ट युनियन’ नावानं ते काढलं, पहिल्या अंकाच्या ७५० प्रती. संपादक सॅम्युएल कार्टर हॉल. त्याच सुमारास ‘आर्ट युनियन ऑफ लंडन’ नावाची, वर्गणी घेऊन सोडतीनं चित्रं वाटणारी वेगळी संस्था होती आणि लोक दोन्हींची गल्लत करत. १८४९ पासून मासिक ‘आर्ट जर्नल’ झालं आणि १९१२ पर्यंत चाललं.

चित्रविक्रेत्यांनी काढलेल्या मासिकानं चित्रांची स्तुती करावी यात उघड अडचण होती. हॉल यांनी मासिक आपल्या ताब्यात आणलं, आणि ज्या एका कामासाठी मी त्यांना मान देते ते म्हणजे बनावट जुन्या चित्रांविरुद्धची मोहीम. बाजारात ‘टिशियन’ आणि ‘राफाएल’ ढिगानं येत होते. हॉल यांनी ती फसवणूक अंकामागून अंक उघडी पाडली आणि श्रीमंत ग्राहकांना हयात इंग्लिश चित्रकारांकडे वळवलं. रॉबर्ट व्हर्नन यांनी १८४७ साली राष्ट्राला १५७ चित्रं दिली, त्यांची एन्ग्रेव्हिंग्ज या मासिकानं महिन्यामागून महिना वाचकांपर्यंत नेली. लंडनला भरलेल्या १८५१च्या महाप्रदर्शनाचा त्यांचा सचित्र कॅटलॉग तर आजही अभ्यासक उघडतात. प्री-रॅफेलाइट, म्हणजे राफाएलच्या आधीच्या चित्रकलेकडे वळू पाहणाऱ्या तरुण इंग्लिश चित्रकारांच्या बाबतीत मात्र हॉल यांची नजर साफ चुकली.

प्रश्न : या सगळ्या स्तुतींत तुम्हाला स्वतःला सगळ्यात विश्वासार्ह वाटते ती कुणाची? – एक वाचिका

समीक्षकांमध्ये म्हणाल तर फिलिप गिल्बर्ट हॅमर्टन यांची. १८७० पासून त्यांनी ‘पोर्टफोलिओ’ चालवलं. ते शिलिंगाच्या मासिकांहून महाग, पण त्यात खरं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेघा खोदून छापलेलं चित्र, स्वतंत्र छापलेलं मिळायचं. तांब्याच्या पत्र्यावर पोलादाचा पातळ थर चढवायची युक्ती तेव्हा नवी होती, म्हणून एका पत्र्यावर हजारो प्रती निघत. हॅमर्टन स्वतः एचिंग करत. आम्ल किती वेळ ठेवलं की रेघ किती खोल जाते हे त्यांच्या बोटांना माहीत होतं, त्यामुळे त्यांची स्तुती नुसत्या विशेषणांची नसे. रेघ कुठे जमली आणि का जमली, हे त्यात असे.

पण माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे तो एका वाचकावर. तो १८७३ ते १८७५ या काळात बराचसा लंडनला एका चित्रविक्रेत्याच्या दुकानात नोकरीला होता. दर आठवड्याला ‘ग्राफिक’ आणि ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या छापखान्याच्या खिडकीशी जाऊन नवी चित्रं बघत उभा राहायचा. ‘ग्राफिक’ हे कलामासिक नव्हे, साप्ताहिक. पण ते १८६९ साली काढलं होतं विल्यम ल्यूसन थॉमस या लाकूड कोरणाऱ्यानंच, आणि पहिल्याच अंकात ल्यूक फिल्ड्सचं रात्रीच्या निवाऱ्यासाठी थंडीत रांगेत उभ्या असलेल्या बेघरांचं चित्र आलं होतं. दहा वर्षांनी तो वाचक हेगमध्ये चित्रकला शिकत होता, खिशात पैसा नव्हता, भाऊ पाठवेल त्यावर घर चालायचं. १८८३च्या सुरुवातीला त्यानं ‘ग्राफिक’चे २१ जुने खंड मिळवले. आपला मित्र अँटन व्हॅन रापार्ड याला तो पत्रांतून या चित्रांबद्दल लिहीत राहिला : हर्कोमर, फिल्ड्स, फ्रँक होल, कोणतं चित्र हाती आलं, कुणाकडे कोणतं जादा आहे, अदलाबदल करू या का. त्या पत्रांतलं एकही वाक्य जाहिरातीत जाणार नव्हतं.

त्यानं खंडांतली चित्रं सुटी केली आणि जाड कागदावर चिकटवून ठेवली. त्यांतली हजाराहून अधिक आज ॲमस्टरडॅमला, त्याच्याच नावाच्या म्युझियममध्ये आहेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉग.